बिऱ्हाडाची जोखीम कुणावर?

वार्षिक परीक्षा आटोपल्या, ऊन तापू लागले, की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बिऱ्हाडे हलू लागतात. कुण्या गुरुजींची बदली जळगाव जामोदहून लोणारला होते. मेहकरचे एखादे कुटुंब मुलाच्या नोकरीपायी पुण्याला निघते. चिखलीचा कुणी नाशिकला घर करतो. मग कपाट, गाद्या, भांडीकुंडी, शिलाईचे यंत्र, मुलांची पुस्तके, देव्हारा, असे वीस-पंचवीस वर्षांत पैपै करून जमवलेले सामान एका ट्रकमध्ये चढते. ट्रक एका वाटेने जातो आणि घरची माणसे एस.टी.ने किंवा आगगाडीने दुसऱ्या वाटेने जातात. मधल्या काही तासांत, कधी काही दिवसांत, त्या सामानाजवळ त्याचा धनी नसतो.

आता वाटेत काही फुटले, भिजले, हरवले, तर जबाबदार कोण? गाडीचा मालक, ड्रायव्हर, की फोनवर भाडे ठरवून देणारा दलाल? प्रश्न आजचा वाटतो, पण तो फार जुना आहे. ट्रक नव्हते तेव्हाही तो होता, आणि प्रत्येक काळाने त्याला आपापल्या परीने उत्तर दिले. ती उत्तरे आपण क्रमाने पाहू. कारण आजचा कायदा त्यांतूनच घडत आला आहे.

दोनशे वर्षांपूर्वीचे वऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. रेल्वे नाही, पक्की सडक नाही. आपल्या काळ्या जमिनीतला कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. तो पल्ला सुमारे ५०० मैलांचा. मुंबईकडे मोठ्या प्रमाणावर कापूस पहिल्यांदा गेला तो १८२५-२६ साली. विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी तो पाठवला. माल होता १,२०,००० रत्तल आणि तो वाहायला बैल लागले ५००. गुरुजनांनी हा हिशेब मुलांना जरूर घालावा. एका बैलाच्या पाठीवर २४० रत्तल येतात, म्हणजे आजच्या मापाने सुमारे १०९ किलो.

हा माल वाहून नेणारे मुख्यतः लमाण. त्यांचे तांडे समुद्राकाठचे मीठ वर आणीत आणि वरचे धान्य, कापूस खाली नेत. पण वाट सरळ नसे. घाट होते, पूर आलेल्या नद्या होत्या, चोराचिलटांचे भय होते आणि ठिकठिकाणी जकातीची नाकी होती. वऱ्हाडात तर १८०३ पर्यंत निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. व्यापारी बिचारा आपल्या पेढीवर बसलेला; कोणत्या नाक्यावर काय द्यावे लागले आणि वाटेत किती पोते कमी झाले, हे त्याने कुणाला विचारावे?

या अडचणीतून मराठी मुलखात एक धंदा उभा राहिला, तो हुंडेकऱ्याचा. आज ‘हुंडा’ म्हटले की लग्नातली देवाणघेवाण आठवते. पण व्यापाऱ्यांच्या बोलीत हुंडा म्हणजे ठोक, उक्ती रक्कम. मालाचे भाडे, वाटेतली जकात आणि इतर खर्च, असे सारे एका रकमेत ठरवून माल मुक्कामी पोचवण्याचा पत्कर जो घेई, तो हुंडेकरी. ठरावात जोखीमही धरलेली असली, तर नुकसानही त्याच्याच अंगावर. आजही महाराष्ट्रात हुंडेकरी हे आडनाव आढळते, ते याच धंद्याची खूण म्हणून. व्यापाऱ्यांनी याहून पुढची पायरीही गाठली होती. ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक कागद असे. त्या हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यायचे. वाटेत बुडाला तर देणे नाही.

या जुन्या व्यवहारात एक शहाणपण आहे. वाटेवर जो मालाबरोबर आहे, जोखीम त्याने घ्यावी. आणि तिचा मोबदला आधीच, उघडपणे ठरावा. पण यात एक उणीवही होती. हे सारे चाले ते पेढीच्या पतीवर आणि ओळखीवर. ज्याची पेढी नाही, पत नाही, असा साधा माणूस आपले चार बोचके घेऊन निघाला तर त्याला विचारणारा कोण?

साध्या माणसासाठीही नियम हवा, हा विचार कायद्यात आला तो इंग्रजी अमलात. इंग्लंडच्या न्यायालयांनी भाड्याने माल वाहणाऱ्यावर फार कडक जबाबदारी टाकली होती. १७०३ साली न्यायमूर्ती होल्ट यांनी तिचे कारण सांगितले. वाहतूकदार चोरांशी आतून संगनमत करील, तर मालधन्याला ते कधीच सिद्ध करता यायचे नाही, कारण तो तिथे हजरच नसतो. बघा, मुद्दा तोच. धनी मालाजवळ नाही.

हिंदुस्थानात १८६५ साली वाहतूकदारांचा कायदा झाला. सर्व लोकांचा माल भाड्याने नेण्याचा धंदा करणारा तो ‘सार्वजनिक वाहतूकदार’, अशी त्याची व्याख्या ठरली. या कायद्याला दोन तोंडे होती. एका तोंडाने तो वाहतूकदाराला सांभाळी. सोनेचांदी, जवाहीर, घड्याळे, काचसामान, चिनी मातीची भांडी, रेशीम, शाली, हुंड्या, दस्तऐवज, अशा मौल्यवान वस्तूंची यादी त्याला जोडलेली होती. यादीतला माल १०० रुपयांहून जास्त किमतीचा असून ती किंमत आधी जाहीर केली नसेल, तर भरपाई मिळत नसे. इतर मालाबाबतही धन्याच्या सहीचा खास करार करून वाहतूकदाराला आपली जबाबदारी कमी करता येई.

दुसऱ्या तोंडाने मात्र तो मालधन्याची बाजू घेई. वाहतूकदाराच्या किंवा त्याच्या माणसांच्या हयगयीने अथवा गुन्ह्याने नुकसान झाले, तर कोणताही करार त्याला वाचवू शकत नसे. आणि सर्वांत मोलाची गोष्ट नवव्या कलमात होती. माल हरवला किंवा बिघडला एवढे दाखवले की पुरे. हयगय झाली हे धन्याने सिद्ध करायचे नाही. हयगय झाली नाही, हे वाहतूकदाराने सिद्ध करायचे. वऱ्हाड त्या काळी कागदोपत्री निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा, त्यामुळे इंग्रजी कायदे इथे वेगळ्या हुकमांनी लागू होत. पण वाट ती पडली ती कायमची.

तोवर आगगाडी आली होती. १८६७ साली लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाववरून पुढे नागपूरला पोचला आणि १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा खास कापसाच्या बाजारासाठी सुरू झाला. बैलांच्या पाठीवरचा माल वाघिणीत गेला, आणि हुंडेकऱ्याच्या शब्दाची जागा छापील पावतीने घेतली. ती पावती म्हणजे बिल्टी. बिल्टीबरोबर आणखी एक शब्दजोडी आपल्या बाजारपेठांत रुळली, ती ‘ओनर्स रिस्क’ आणि ‘रेल्वे रिस्क’ ही. कमी भाडे दिले तर जोखीम धन्याची, जास्त दिले तर रेल्वेची. पुढे १९६१ च्या दुरुस्तीने रेल्वेची एकूण जबाबदारीच वाढवण्यात आली आणि ती सार्वजनिक वाहतूकदाराच्या बरोबरीची झाली.

मग ट्रकांचा जमाना आला. राजूर घाट चढून बुलढाण्यापर्यंत, आणि पुढे चिखली, मेहकर, देऊळगाव राजापर्यंत, जिथे रूळ पोचले नाहीत तिथे ट्रक पोचला. पण ट्रकाबरोबर एक नवा माणूसही आला. याची स्वतःची गाडी नसते. तो मालधन्याकडून भाडे ठरवून घेतो, दुसऱ्याची गाडी लावतो आणि मध्ये आपली दलाली ठेवतो. सामान सुखरूप पोचले तर सगळे तो करतो, काही बिघडले की म्हणतो, “मी त फक्त गाडी लावून देल्ली, भाऊ.” गाडीवाला म्हणतो, “माझा ठराव दलालाशी, तुमच्याशी नाही.” दोघांच्या मध्ये फुटक्या कपाटासह उभा राहतो तो घरधनी.

याच्या जोडीला पावतीवरची बारीक अक्षरे असतात. ‘वाद केवळ मुंबईच्या न्यायालयात’ हे त्यांतले नेहमीचे वाक्य. खामगावच्या माणसाने पाच-पन्नास हजारांच्या सामानासाठी मुंबईला खेटे घालावेत, असा त्याचा अर्थ! १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पटेल रोडवेज विरुद्ध प्रसाद ट्रेडिंग कंपनी हा खटला आला. तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरहून दिल्लीला वेलदोडे निघाले होते आणि ते आगीत नष्ट झाले. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत, पण माल घेतला तो बोडिनायकनूरच्या शाखेने. न्यायालयाने सांगितले की व्यवहार जिथल्या शाखेत झाला, तिथले न्यायालय सोडून केवळ मुख्य कार्यालयाच्या गावी चला, असे बंधन घालता येणार नाही.

तोवर ग्राहकाच्या बाजूनेही वारे वाहू लागले होते. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९८६ साली देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याच्या गावी दाद मागण्याची सोय झाली. १८६५ च्या कायद्यातले नववे कलम या ग्राहक मंचांपुढेही लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. म्हणजे हयगय झाली नाही हे दाखवण्याचा भार तिथेही वाहतूकदारावरच राहिला.

आणि मग ‘मी फक्त दलाल’ या वाक्याचाही बंदोबस्त झाला. १८६५ चा जुना कायदा जाऊन २००७ सालचा रस्त्याने माल वाहतुकीचा कायदा आला. तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. यात सार्वजनिक वाहतूकदाराची व्याख्या रुंद केली आहे. माल बुक करणारी कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल यांची नावे तीत स्पष्ट घातली आहेत. अशा धंद्याला नोंदणीची सक्ती आहे. मालाचे वर्णन आणि किंमत लिहून देणारा कागद पाठवणाऱ्याने द्यायचा, आणि माल ताब्यात घेतल्याची पावती वाहतूकदाराने द्यायची.

पण मंडळी, कायदा आपल्या बाजूचा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. याच कायद्यात एक मर्यादा आहे. जादा जोखमीचा दर ठरवून दिला नसेल, तर नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. समजा, भाडे ८,००० रुपये आणि सामान ३ लाखांचे. सगळे गेले तरी हाती येतील फार तर ८०,००० रुपये. जुन्या हुंडेकऱ्याचा आणि ‘ओनर्स रिस्क’चा धडा इथे पुन्हा भेटतो. जोखीम दुसऱ्यावर टाकायची, तर तिची किंमत आधी बोलून, लिहून घ्यावी लागते.

अमेरिकेत घरसामान हलवणाऱ्यांसाठी स्वतंत्र नियम आहेत. अंदाजी भाडे सांगून माल उचलला, तर अंदाजाच्या ११० टक्के रक्कम दिल्यावर सामान उतरवून द्यावेच लागते. उरलेल्या रकमेचा वाद मागाहून. ट्रक दारात उभा करून मनमानी पैसे मागण्याला त्यामुळे आळा बसतो. आपल्या कायद्यात बिऱ्हाडासाठी असा नेमका आकडा नाही. म्हणून भाड्याचा ठराव चढाई-उतराईसकट, उक्ता, आणि कागदावर हवा.

तेव्हा बिऱ्हाड हलवताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. सामानाची यादी दोन प्रती करून दोन्हींवर सही घ्या. किंमत लिहा आणि विम्याचे पैसे मागितले तर विमा कंपनीचा कागद मागा, कारण नुसते ‘विमा’ असे बिलावर लिहिल्याने विमा होत नाही. नोंदणी क्रमांक आणि गाडीचा क्रमांक पावतीवर पाहा. दागिने, खरेदीखत, प्रमाणपत्रे ट्रकमध्ये कधीही घालू नका. ती अंगाजवळ असू द्या. आणि गावातल्याच कुणाची गाडी एका खेपेपुरती घेतली असेल, तर तो सार्वजनिक वाहतूकदार ठरेलच असे नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याने आपल्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घेणे मात्र त्याला बांधील आहे.

नुकसान झालेच, तर रागाने भांडण्यापेक्षा लेखी नोटीस द्या. माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ती पोचली पाहिजे, नाहीतर दावाच उभा राहत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आपल्यासाठी बुलढाण्यात. मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. १९१५ या क्रमांकावर फोन केला तर सल्लाही मिळतो.

लमाणांच्या तांड्यापासून आजच्या ट्रकापर्यंत वाहन बदलले, वेग बदलला, भाडे बदलले. धनी आपल्या मालाजवळ नसतो, ही एक गोष्ट बदलली नाही. पूर्वी त्याच्या जागी हुंडेकऱ्याचा शब्द मालाबरोबर चाले. आज तुमच्या जागी तुमचा कागद चालतो. तो कोरा पाठवू नका.