संगणकाच्या भाषेंतील गुण आणि क्रिया

पतपेढींतील एखादें खातें डोळ्यांसमोर आणा. त्या खात्याला कांहीं गुण असतात: खातेदाराचें नांव, शिल्लक रक्कम. त्याच्यासंबंधीं कांहीं क्रियाही ठरलेल्या असतात: रक्कम जमा करणें, रक्कम काढणें. हे गुण आणि या क्रिया एकत्र बांधून जो नमुना तयार होतो, त्याला संगणकाच्या भाषेंत ‘क्लास’ म्हणजे वर्ग म्हणतात. पायथॉनसारख्या स्क्रिप्टिंग भाषेंत आज असा वर्ग चार-सहा ओळींत लिहितां येतो. परंतु ही सुलभता येण्यास चौतीस वर्षें लागलीं, आणि त्या काळांत एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला: वस्तूच्या अंतरंगाला बाहेरच्यानें कितपत हात लावावा?

या कथेचा आरंभ नॉर्वेंत होतो. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्यें ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड हे दोघे विद्वान प्रत्यक्ष व्यवहारांची नक्कल संगणकावर उतरविण्याच्या खटपटींत होते. रांगेंत उभें असलेलें गिऱ्हाईक घ्या, कीं कारखान्यांतलें यंत्र घ्या. त्याची माहिती एकीकडे आणि त्याच्या हालचालींचे नियम दुसरीकडे ठेवणें त्यांना गैरसोयीचें वाटलें. म्हणून १९६७ सालीं त्यांनीं ‘सिम्युला ६७’ या भाषेंत दोहोंची एकत्र मोट बांधली व तिला ‘क्लास’ हें नांव दिलें. मात्र वस्तूच्या आंतील माहितीला बाहेरून हात लावण्यास प्रारंभीं मज्जाव नव्हता.

तो मज्जाव अमेरिकेंत आला. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत १९७२ पासून ॲलन के आणि त्यांचे सहकारी यांनीं ‘स्मॉलटॉक’ ही भाषा घडविली. तींत वस्तूचे गुण सर्वस्वीं खासगी. बाहेरच्यानें केवळ निरोप पाठवावा आणि वस्तूनें आपल्या क्रियेच्या द्वारां उत्तर द्यावें. शिल्लक हवी असेल तर खात्याला विचारावें, वहींत डोकावूं नये! नियम सुरक्षित खरा; पण बाहेर दाखवावयाच्या प्रत्येक गुणासाठीं वेगळी क्रिया लिहिण्याचा भार अंगावर पडला.

पायथॉनचे कर्ते गुइडो व्हान रॉसम यांनीं निराळा मार्ग धरला. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेंत असतां त्यांनीं डिसेंबर १९८९ मध्यें, नाताळच्या सुटींत, ही भाषा रचावयास घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्यें ती प्रसिद्ध झाली. क्रियेसाठीं त्यांनीं नवें व्याकरण योजलें नाहीं. साधें फंक्शन ज्या ‘डेफ’ शब्दानें लिहावयाचें, त्याच शब्दानें वर्गाच्या पोटांत लिहिलें कीं ती क्रिया झाली. तिच्या कंसांत पहिलें स्थान ‘सेल्फ’ला, म्हणजे खुद्द त्या वस्तूला. ही रीत मॉड्युला-३ या भाषेंतही होती. गुणांना कुलूप मात्र नाहीं; नांवाच्या आरंभीं अधोरेषा दिसली कीं ‘हें घरांतलें आहे’ असें सभ्य माणसानें ओळखावें.

पण येथेंच अडचण होती. शिल्लक हा साधा आंकडा म्हणून ठेवला, आणि पुढें ती नोंदींवरून दरवेळीं मोजावी असें ठरलें, तर? गुणाची क्रिया झाली, म्हणजे ज्यांनीं ज्यांनीं तो गुण वाचला असेल त्या सर्वांच्या प्रोग्राममधील ओळी बदलावयास हव्या. या धास्तीनेंच जावा भाषेंतले लेखक प्रत्येक गुणासाठीं आधींच क्रिया लिहून ठेवीत. उत्तर सांठविलेलें आहे कीं मोजलेलें, हें विचारणाऱ्याला कळण्याचें कारण नाहीं, हें तत्त्व ‘आयफेल’ भाषेचे कर्ते बर्ट्रांड मेयर यांनीं १९८८ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें होतें. पायथॉनच्या २.२ या आवृत्तींत, डिसेंबर २००१ मध्यें, ‘प्रॉपर्टी’ आली आणि क्रियेला गुणाचें रूप घेतां येऊं लागलें. २००४ मधील २.४ या आवृत्तीपासून तर क्रियेच्या डोक्यावर एका चिन्हासह तो शब्द लिहिला कीं काम भागूं लागलें. आंतली व्यवस्था पालटली, तरी वाचणाऱ्याच्या ओळीला धक्का नाहीं.

त्याच २००१ सालचें ट्युरिंग पारितोषिक डाल आणि न्यूगार्ड यांना मिळालें. पुढच्याच वर्षीं, दोन महिन्यांच्या आंत, दोघेही निवर्तले.

आपण चारचौघांना दिलेलें नांव हा एक प्रकारचा करार असतो. त्यावर विसंबून दुसरे आपलें काम उभारतात. आरंभ साधेपणानें करावा, आणि पुढें घर दुरुस्त करतांना त्यांची वाट मोडूं नये, एवढी सोय या लहानशा शब्दानें करून दिली आहे.