वई, राब आणि प्लास्टिकची मेढ

नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या पाड्यांवर परसाचे वैरी दोन. शेळी वेल खाते आणि वाळवी वई खाते.

वई म्हणजे काठ्याकाटक्यांचे कुंपण. पावसाळ्याच्या तोंडावर मेढी म्हणजे लाकडी खांब रोवायचे, आडव्या बांबूच्या कांब्या बांधायच्या, मधल्या फटीत कारवीच्या काठ्या आणि करवंदीच्या काटेरी फांद्या गच्च खोचायच्या. आत काकडी, दोडका, घोसाळी, वाल यांचे वेल चढतात, बाजूला मिरची आणि वांगी. पावसाच्या पहिल्या एक-दोन सरी पडल्या की मेढीचा जमिनीत गेलेला भाग भिजतो, कुजायला लागतो. दोन-तीन पावसाळे निघाले की ती हाताने हलते. तेव्हा ती उपटून चुलीत घालायची आणि नवी आणायची. लाकूड वाया जात नाही, पण दर खेपेला पाय मात्र रानाकडेच वळतात.

आणि रान कुणाचे, हा प्रश्न इथे जुना आहे. हरसूल हा पूर्वीच्या पेठ संस्थानाचा मुलूख. 1857 च्या डिसेंबरात बंडकऱ्यांनी हरसूलचा बाजार लुटला, पेठवर चाल झाली, आणि पुढे पेठच्या राजघराण्यातील भगवंतरावांना साथीदारांसह फाशी देण्यात आली. 1878 मध्ये पेठ संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले. त्याच वर्षी इंग्रज सरकारने नवा वन कायदा लागू केला. राखीव आणि संरक्षित अशी जंगलांची वर्गवारी झाली, रेषा ओढल्या गेल्या. आजोबांनी जिथून मेढ तोडली, तिथे नातवाला गुन्हेगार ठरवणारी व्यवस्था एका पिढीत उभी राहिली. वईच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना.

शेजारच्या ठाणे-कुलाबा भागात यावरून इतका असंतोष माजला की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याच्यापुढचा मोठा वाद राबाचा होता. भात, नागली, वरई यांच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण, ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पाला आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून उन्हाळ्यात ते भाजतात, तोच राब. वनअधिकाऱ्यांना त्यात झाडांची नासधूस दिसली. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र राबाशिवाय रोप नव्हते आणि रोपाशिवाय वर्षाचे धान्य नव्हते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात राब आजही भाजला जातो. पुढे प्लास्टिकच्या मेढीचा विचार करताना ही आग ध्यानात ठेवावी लागेल.

बांबूची कथा तर आणखी विचित्र. 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडांत गणले. वनहक्क कायद्याने 2006 मध्ये त्याला गौण वनउपज ठरवून त्यावर वननिवासींचा हक्क मानला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून सुटला तो 2017 मध्ये. पण कागदावरचा हक्क हातात पडायला वेळ लागतो. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे ही त्यांची ठळक मागणी होती.

मेढीसाठी रानात जायची वेळच कमी यावी, असा एक मार्ग दरम्यान वाडीने दाखवला. मणिभाई देसाई यांच्या ‘बाएफ’ संस्थेने 1982 मध्ये गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी एकेक एकराच्या फळबागांचा ‘वाडी’ उपक्रम सुरू केला. पुढे नाबार्ड आणि जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या साहाय्याने तो नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांतही आला. मध्ये आंबा, काजू, त्यांच्यामधल्या जागेत धान्य-भाजी आणि बांधावर झाडांचे जिवंत कुंपण. वाळवीला मेलेले लाकूड लागते. पांगाऱ्याची किंवा शेवग्याची ओली फांदी रोवली तर ती मुळे धरते आणि वर्षागणिक जाड होते. सरपण, चारा, शेंगा हा वरचा लाभ. पाड्यावरच्या बागेसाठी याहून चांगले कुंपण सापडणे अवघड आहे.

मग पुनर्वापरित प्लास्टिकचे ‘लाकूड’ कशाला? 1970 च्या दशकात जपानमध्ये मिश्र प्लास्टिक कचरा वितळवून त्याचे खांब आणि फळ्या ओतण्याची यंत्रे आली. नंतर अमेरिकेत रटगर्स विद्यापीठातील संशोधकांनी ते इतके भक्कम केले की 2009 मध्ये फोर्ट ब्रॅग येथे अशा साहित्याच्या पुलावरून रणगाडा गेला. याचा साधा प्रकार फारसा गुंतागुंतीचा नाही: पॉलिथिलिन धुवायचे, कातरायचे, तापवून साच्यात दाबायचे, पाण्यात थंड करायचे. दुधाच्या पिशव्याही पॉलिथिलिनच्याच. महाराष्ट्राने 2018 च्या प्लास्टिकबंदीत रिकाम्या पिशवीला किमान 50 पैसे परतावा ठरवला, तो हाच माल कचऱ्यात जाऊ नये म्हणून.

अशा खांबाला वाळवी लागत नाही, तो कुजत नाही. हरसूलच्या पावसात ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याचे दोष झाकून ठेवणे बागेच्या हिताचे नाही. सततच्या भाराखाली तो हळूहळू वाकतो, उन्हाने प्रसरण पावतो. म्हणून फळीखालचे टेकू लाकडाला देतो त्याहून जवळजवळ द्यावे लागतात आणि खिळ्यांची भोके सैल ठेवावी लागतात. पीव्हीसी त्यात मिसळलेले नसावे. आणि आगीजवळ तो नकोच. राबाच्या वाफ्याशेजारी अशी वई उभी केली तर भाजणीची एक झळ तिला पुरेशी आहे. जुनी मेढ चुलीत जाते, ही जाऊ शकत नाही. जाळली तर विषारी धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याच छातीत जाईल. तुटलेला खांब परत कोण नेणार, हे आधी ठरले पाहिजे.

शाळेच्या परसबागेत मात्र त्याला खरी जागा आहे. तिथे राब भाजत नाहीत, सुट्टीच्या काळात डागडुजीला कुणी नसते आणि पाण्याच्या नळाशी माती सदा ओली राहते. वाफ्यांच्या कडा, हात धुण्याच्या जागेजवळचा बाक, फाटकाचे दोन खांब, एवढे प्लास्टिकचे असावे. बाकीच्या हद्दीवर जूनमध्ये मुलांच्या हातून पांगारा आणि शेवगा रोवून घ्यावा.