नावाने मागणी, प्रतीने प्रसार : माहितीकेंद्री जालरचनेतील फाईल-वाटप

प्रास्ताविक :
जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (इ.स. १६०८). मुद्रणपूर्व काळात त्यांचा 'दासबोध' हस्तलिखित नकलांच्या द्वारे मठामठांत पसरला. ज्याच्याकडे प्रत असे, तो पुढील नकलेचा दाता ठरे. मात्र नकलेगणिक पाठभेदही संभवत. प्रत कोठे मिळेल आणि ती विश्वसनीय कशी मानावी, हेच दोन प्रश्न संगणकांच्या परस्पर फाईल-वाटपाच्या, म्हणजेच 'पीअर-टू-पीअर' पद्धतीच्या इतिहासातही केंद्रस्थानी राहिले. त्या इतिहासाचा हा संक्षिप्त आढावा आहे.

विकासक्रम :
१९९९ मध्ये सुरू झालेल्या 'नॅपस्टर'मध्ये गाणी वापरकर्त्यांच्या संगणकांवर, पण सूची मध्यवर्ती सर्व्हरवर होती. न्यायालयीन कारवाईमुळे २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी 'बिटटोरेंट' आणले. त्यात फाईलचे तुकडे केले जातात, प्रत्येक तुकडा अंकीय ठशावरून पडताळला जातो व तो मिळालेला संगणक इतरांनाही देऊ लागतो. तथापि खालचे जाळे केवळ संगणकाचा पत्ता ओळखते. परिणामी, प्रत शेजारी असूनही ती दुरून आणली जाऊ शकते.

व्हॅन जेकबसन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या रचनेला पर्याय मांडला. माहिती नावाने मागावी, वाटेतील राउटरने तिची प्रत जपावी आणि प्रत्येक पाकिटावर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असावी, असे त्याचे सूत्र होते. २०१० मध्ये अमेरिकेत 'नेम्ड डेटा नेटवर्किंग' प्रकल्प सुरू झाला.

सिम्युलेशनचे स्थान :
जगभरातील राउटर बदलून प्रयोग करणे अशक्य असल्याने २०१२ मध्ये 'एनएस-३' प्रणालीवर आधारित 'एनडीएनसिम' हे साधन पुढे आले. २०१७ मध्ये 'एनटोरेंट' या रचनेच्या अभ्यासकांनी नव्या जाळ्यातील फाईल-वाटपाचे लाभ-हानी सिम्युलेशनद्वारेच तपासले. अशा प्रयोगात जोडण्यांचा वेग, राउटरची साठवणक्षमता व मागणीचा क्रम संशोधक ठरवतो. निष्कर्ष या गृहीतकांवर अवलंबून असतात.

निष्कर्ष :
ग्रामीण महाविद्यालयात एकाच मंद जोडणीवरून अनेक विद्यार्थी तोच ग्रंथ मागतात, तेव्हा स्थानिक प्रतीचे मोल सर्वाधिक असते. वेगवान जोडण्या गृहीत धरलेल्या प्रयोगात हे मोल दिसणार नाही. म्हणून घनसावंगी, मंठा यांसारख्या तालुक्यांतील प्रत्यक्ष जोडणीची मोजमापे अशा अभ्यासात समाविष्ट होणे आवश्यक ठरते. हे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे.