कुरटे बेटासमोरची राहुटी

मालवणच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली राहुटी ठोकून चार दिवस निवांत काढावेत, आणि ओहोटी लागली म्हणजे ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या खडकापाशी जाऊन बसावे, ज्यावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत, यासारखे सुख मला दुसरे ठाऊक नाही. येथेच पूजन करून शिवछत्रपतींनी १६६४ च्या नोव्हेंबरात समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या उभारणीस आरंभ केला, आणि अवघ्या तीन वर्षांत तो जलदुर्ग सिद्ध झाला. पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. ते नाव येथील रयतेच्या जिभेवर कधी रुळले नाही, हे योग्यच झाले. करवीरकर, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे परतलेला हा किल्ला १८१२ च्या तहाने पुन्हा इंग्रजी अंमलाखाली गेला.

होडीने पलीकडे गेलो, तेव्हा मी सर्वाधिक वेळ थांबलो तो महादरवाजाजवळच्या एका लहानशा घुमटीपाशी. आत चुन्यात उमटलेला हाताचा पंजा आहे, महाराजांचा म्हणून परंपरेने पूजिला जाणारा; बोटे स्पष्ट, तळवा किंचित खोल. खाऱ्या वाऱ्याने तटाचे चिरे झिजले आहेत. तेथून किल्ल्यातल्या दूधबाव या विहिरीवर गेलो आणि चहूकडे समुद्र असताना ओंजळभर गोडे पाणी प्यालो.