मोंढ्यापर्यंत माल कोरडा न्यायचा तर : ताडपत्री आणि दोरीची बांधणी

उमरी : सोयाबीनच्या काढणीला आणि परतीच्या पावसाला एकच मुहूर्त लागतो. उमरी तालुक्यातून नांदेडच्या किंवा लातूरच्या मोंढ्याकडे निघालेला माल वाटेत एका सरीत भिजला तर आडतीवर ओलावा मोजणारं यंत्र ते लगेच सांगतं. हमीभाव खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, पण दरवर्षी तसं होईलच असं नाही. सीसीआयच्या केंद्रावर कापसाला ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यावर कपात होते आणि १२ च्या वर गेला की कापूस परत. म्हणून गाडी भरताना शेतकऱ्याने स्वतः उभं राहावं.

सुरुवात हौद्याच्या तळापासून. आदल्या खेपेला खत किंवा वाळू नेलेली असेल तर झाडून घ्यावं, तळाला जुनी ताडपत्री अंथरावी. पहिली थप्पी पुढच्या फळीला चिकटून लावायची. ब्रेक मारला की माल पुढे सरकतो, मधे फट राहिली तर पोती तितक्याच जोराने फळीवर आदळतात. युरोपातल्या बांधणीच्या नियमात पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना ५० टक्के जोर पेलेल असा हिशोब धरतात, यावरून पुढची बाजू किती महत्त्वाची ते कळतं. वरचा थर मधे थोडा उंच ठेवावा. सपाट ठेवला की ताडपत्रीवर पाणी साचतं आणि एखाद्या बारीक भोकातून दोन-तीन कट्टे वले होतात.

दोन ताडपत्र्या असतील तर आधी मागची टाकायची, मग पुढची तिच्यावर हातभर चढवून. उलटं केलं तर गाडीचा वारा जोडात शिरतो आणि ताडपत्री फुग्यासारखी फुगते. पुढच्या कडा आत दुमडून घ्याव्यात. दोरी आडवी तर घ्यायचीच, पण वरून तिरपी फुलीही मारायची. जिथे दोरी कोपऱ्यावर घासते तिथे बारदान्याची घडी ठेवली की ताडपत्री फाटत नाही. हूक नसेल तर फाळक्याच्या कडीला दोरी बांधू नये, कडी निसटली की फाळकाच उघडतो.

बांधणी एकदाच करून भागत नाही. कच्च्या रस्त्यावर पोती बसतात, दोरी ढिली पडते. अमेरिकेत ड्रायव्हरला पहिल्या ५० मैलांत, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत, थांबून बांधणी तपासावी लागते. आपल्याकडचे रस्ते पाहता डांबरी लागताच पहिल्यांदा थांबलेलं बरं.

ताडपत्रीचा एक तोटाही आहे. थोडा वला माल रात्रभर प्लास्टिकखाली गच्च बांधून ठेवला तर आतून घाम येतो आणि पोती तापतात. गाडी मोंढ्यात रात्री थांबणार असेल आणि आभाळ निरभ्र असेल तर एक बाजू उघडी ठेवावी. सुट्टा कापूस मात्र वाऱ्याने उडतो, त्याच्यावर आधी जाळी आणि मग ताडपत्री.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड ठरला. माल ठरलेल्या मर्यादेबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा वर निघाला तरी २०,००० रुपयेच, शिवाय तो उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. उंच भरलेल्या गाडीला गावातल्या लोंबत्या विजेच्या तारांचा धोका आहे, तो दंडापेक्षा मोठा. मालावर मजूर बसवून नेण्याची सवय तर बंदच व्हायला हवी.

भाडं ठरवतानाच ताडपत्री कुणाची, फाटकी आहे का, हे बोलून घ्यावं. ते राहिलं की भिजलेल्या मालाचा वाद आडतीवर होतो आणि तिथे शेतकरीच एकटा पडतो. निघण्याआधी काट्याची पावती घ्यावी, बिल्टीवर पोत्यांची संख्या लिहून घ्यावी, आणि बांधलेल्या गाडीचे चारी बाजूंनी फोटो मोबाईलवर काढून ठेवावेत.