वाऱ्याचे देणे

मोटार पेट्रोलवर धावते हे लहान मूलही सांगेल. पण ते पेट्रोल खर्ची कशावर पडते, असे पुसले तर मोठी माणसेही घुटमळतात. भरधाव मोटारीच्या चाकांपर्यंत जी शक्ती पोचते, तिचा मोठा वाटा समोरची हवा बाजूला सारण्यातच जातो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. वाऱ्याचे हे देणे कोणालाच चुकत नाही. राज्यकर्त्यांना मात्र त्याची आठवण अडचणीच्या वेळीच होते.

१९४२ साली जपानने आग्नेय आशियातील रबराचे मळे घेतले, तेव्हा टायर टिकावेत म्हणून अमेरिकेने मोटारींना ताशी ३५ मैलांची मर्यादा घातली. युद्ध संपले, मर्यादाही गेली. पुढे ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल रोखले. पंपांपुढे रांगा लागल्या. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही कमाल मर्यादा ठरली. सत्तर मैलांवरून पंचावन्नवर आले की हवेचा विरोध चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतो.

लोकांनी कायदा मनापासून पाळला नाही, त्यामुळे तेल अपेक्षेइतके वाचले नाही. पण एक गोष्ट घडली. १९७३ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ५४,००० माणसे दगावली होती. १९७४ मध्ये ती संख्या ४५,००० वर आली. लोकांचा प्रवास कमी झाला होता हे खरे, पण मंदावलेल्या वेगाचाही त्यात वाटा होता. तेलासाठी केलेल्या कायद्याने माणसे वाचवली! तरीही तेल स्वस्त होताच कुरकुर वाढली. १९८७ मध्ये कायदा सैल झाला आणि १९९५ मध्ये रद्दच झाला.

मार्च २०२० मध्ये नेदरलँड्सने महामार्गांवर दिवसा ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आणली, ती तेलासाठी नव्हे. धुरातील नायट्रोजनची संयुगे तिथल्या रानांना आणि माळांना बाधत होती म्हणून. कर्बवायूचा हिशेब तर याहून सरळ आहे: एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत जातो.

म्हणून गोगलगायीसारखे जावे असे नव्हे. खालच्या गिअरात रखडणारी गाडीही पेट्रोल उधळते. मध्यम, एकसारखी चालच काटकसरीची. सणाला शंभर किलोमीटरवरच्या गावी निघालात, तर ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने पंधरा मिनिटे वाचतील. हवेचा विरोध मात्र दीडपटीहून अधिक होईल. पंधरा मिनिटे उशिरा पोचलात, तर फराळ काही संपत नाही.