मैदान कोणाचे? एस्प्लनेडचा एक जुना धडा

क्रीडासंकुलाचा प्रस्ताव आला की फाईलवर दोन कागद हमखास लागतात. एक, जागा शासकीय असून मोकळी आहे असा अहवाल. दुसरा, शेजारच्या रहिवाशांचा हरकतीचा अर्ज. पहिला आपण पुरावा मानतो, दुसरा अडथळा. इतिहास पाहिला तर पहिल्याच कागदाविषयी शंका घ्यावीशी वाटते.

दिल्लीतील कोपर्निकस मार्ग महाराष्ट्र सदनाच्या जुन्या वास्तूमुळे मराठी अधिकाऱ्यांना परिचित आहे. तो इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनी रस्त्याला मिळतो. त्याच रस्त्यालगत भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १९३३ मध्ये उभे राहिलेले, आज मेजर ध्यानचंद यांचे नाव धारण करणारे राष्ट्रीय स्टेडियम आहे. राजधानी तेव्हा नव्याने वसत होती. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी याच शहरात सिरी फोर्ट येथे स्टेडियमचे काम निघाले, तेव्हा भोवती वस्ती दाटलेली होती. वृक्षतोडीला रहिवाशांनी हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. स्टेडियम झाले, पण जे ऐकून घेणे कार्यालयात व्हायला हवे, ते न्यायालयात व्हावे लागले.

अशा वादाचा आपल्याकडील जुना दाखला मुंबईचा आहे. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने म्हणजे किल्ल्याबाहेरच्या एकाच विस्तीर्ण एस्प्लनेडचे अवशेष. तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या त्या पटांगणावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पारशी तरुण क्रिकेट खेळत. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. पुढे इतर समाजांतील मुलेही तेथे खेळू लागली. १८७५ मध्ये केवळ युरोपियनांसाठी बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. त्याचे काही सदस्य याच मैदानावर पोलो खेळू लागले आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडल्या जाऊ लागल्या.

१८८१ मध्ये शेकडो एतद्देशीय खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो, हा त्यांचा साधा युक्तिवाद होता. १८८२ मध्ये सरकारने पोलो कूपरेजवर हलविला. परंतु जिमखान्याने आग्रह धरताच थोड्याच काळात तो निर्णय फिरला. शापूरजी सोराबजी यांनी या लढ्याची हकिकत १८९७ मध्ये पुस्तकरूपाने नोंदवून ठेवली, म्हणून अर्जदारांची बाजू आज आपल्याला कळते.

सरकारने पुढे जे केले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. सामाईक मैदान कोणी, कोणत्या वेळी, कसे वापरावे याचे नियम ठरविण्याऐवजी समुद्रकाठच्या भराव जमिनीवर पारशी, मुसलमान आणि हिंदू यांना जिमखान्यांसाठी वेगवेगळे भूखंड देण्यात आले. या वाटपाचे एकमेव कारण पोलोचा वाद होता असे म्हणता येणार नाही. तथापि, खेळाची जागा जातधर्मानुसार वाटण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. सामनेही त्याच वळणाने गेले: १९०७ ची तिरंगी, १९१२ ची चौरंगी आणि १९३७ ची पंचरंगी स्पर्धा. १९४० मध्ये गांधीजींनी या जातीय सामन्यांना विरोध दर्शविला. १९४६ नंतर ते बंद झाले. तक्रार शांत करण्यासाठी केलेली सोय दोन पिढ्यांची सवय होऊन बसते, ती अशी.

आज महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातील कलम ३७ अन्वये विकास योजनेत फेरबदल करताना हरकती व सूचना मागवाव्या लागतात. दिल्लीच्या १९५७ च्या कायद्यात कलम ११-अ आहे. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती सुनावणीच्या वेळेची. आराखडा पक्का झाल्यावर घेतलेली सुनावणी हा केवळ उपचार ठरतो.

म्हणून तीन गोष्टी आधी कराव्यात. जागा 'मोकळी' असे लिहिण्यापूर्वी सकाळ-संध्याकाळ तिथे कोण येते, याची पाहणी करावी. प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर द्यावे. आणि दिव्यांची वेळ, ध्वनिक्षेपक, वाहनतळ, शुल्क व आसपासच्या मुलांसाठी राखीव तास या बाबी तोंडी आश्वासनात न ठेवता मंजुरीच्या अटींत घालाव्यात. १८८१ च्या अर्जदारांचा मैदानावर मालकी हक्क नव्हता. वापर मात्र होता. सातबारावर वापराची ही नोंद नसते. ती घेणे हे प्रशासकाचे काम आहे.